मातीच मळायची, तर शाळा कशाला?

(बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका आईचं पत्र. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलाला इथं बाळू म्हटलं आहे.)

बाळू दहा वर्षांचा. सेरेब्रल पाल्सीमुळं त्याचा उजवा हात आणि उजवा पाय कमी चालतो, बोलणं अडखळत, समज वयापेक्षा थोडी मागं. जूनपासून तो एका निवासी विशेष शाळेत आहे. घरून तिथं जायला दोन बस बदलाव्या लागतात. शाळेत रोज तासभर ऑक्युपेशनल थेरपी असते: चमच्यानं खाणं, बटणं लावणं, मणी ओवणं, माती मळणं. दसऱ्याच्या सुट्टीत बाळू घरी आला तेव्हा आपल्या हातानं जेवायचं म्हणून हट्ट धरून बसला. भात सांडला, सासूबाईंना बघवेना, आणि सुट्टी संपेपर्यंत त्यांनीच भरवलं. तो परत गेल्यावर शाळेतून फोन आला: शिकवलेलं सगळं विसरून आलाय, घरी भरवू नका. नवरा म्हणतो, शाळेत घातलं ते अक्षर शिकायला, "मातीच मळायची तर आमच्या भट्टीवर काय कमी हाय?" (नवरा आणि सासरे दोघंही कौलांच्या कारखान्यात आहेत.) दिराचं म्हणणं, पोराला घरी आणा, गावच्या मराठी शाळेत घाला, आठवड्यातून एकदा फिजिओवाल्याला बोलवू. आणि गल्लीतल्या बायका म्हणतात, पोराला टाकून आली. आईचे दोन प्रश्न आहेत. हे उपचार आहेत की वेळ घालवणं? आणि मुलाला काढून आणू का?

ताई,

तुमच्या मालकांच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण सगळ्या पत्रात तोच नेमका आहे. ज्याचा जन्म मातीत गेला त्याला माती मळायची फी भरायला सांगितली, तर तो विचारणारच. खानापूरची माती कौलांसाठी आणि भांड्यांसाठी नावाजलेली, कुंभारकामाची केंद्रीय संस्था तुमच्याच गावाजवळ खानापुरात. तिथल्या माणसाला मातीचं महत्त्व शाळेनं सांगायचं म्हणजे धाडसच. पण भट्टीवर माती मळतात ती कौल नीट उतरावं म्हणून. शाळेत मळतात ती हातासाठी, मातीचं पुढं काही झालं नाही तरी चालतं.

बाळूच्या हातात दोष नाही. जन्माच्या आगेमागे मेंदूच्या एका भागाला इजा झाली आणि तिथून उजव्या बाजूला नीट हुकूम जात नाही. अशी मुलं आपल्या हुशारीनं सगळं डाव्या हातावर भागवतात. तांब्या डाव्यानं, दार डाव्यानं, पाटी डाव्यानं. उजवा मांडीवर पडून राहतो, आणि जितका पडून राहतो तितका मेंदू त्याला हिशेबात धरेनासा होतो. मातीचा मोठा गोळा एका हातानं मळता येत नाही. एकानं धरावा लागतो, दुसऱ्यानं दाबावा लागतो. मणी ओवतानाही दोरा एका हातात, मणी दुसऱ्यात. म्हणून माती, म्हणून मणी.

तेव्हा पुढच्या भेटीत शाळेला सांगा की थेरपीच्या तासाला मला बसू द्या. मालकांनाही बरोबर न्या. तिथं एकच बघायचं: माती मळताना बाळूचा उजवा हात कुठं आहे? तो गोळ्यावर असेल, निसटला की थेरपिस्ट परत आणून ठेवत असेल, माती कधी सैल कधी घट्ट का घेतली हे तिला सांगता येत असेल, तर तो उपचार आहे. उजवा हात मांडीवर, मुलगा डाव्यानं माती चिवडतोय आणि बाई रजिस्टर भरताहेत, असं दिसलं तर मालक बरोबर आहेत. शाळेच्या छापील माहितीवरून हे कळत नाही, दहा मिनिटं बसलं की कळतं.

हे हल्लीचं शहरी खूळ आहे असंही घरात कुणी म्हणत असेल, तर सांगा की आपल्याकडं ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण 1950 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झालं. सुरू करणाऱ्या कमलाबाई निंबकर जन्मानं अमेरिकन आणि लग्नानं मराठी. पंचाहत्तर वर्षं होऊन गेली त्याला. आपल्या जिल्ह्यात मात्र असे थेरपिस्ट आजही थोडेच, आणि जे आहेत ते बहुतेक बेळगाव शहरात. खेड्यातून येणाऱ्याला ही सोय रोज मिळते ती बऱ्याचदा निवासी शाळेतच.

दिरांच्या सुचवण्यात तथ्य आहे, पण ते दोन कामांची गल्लत करतात. फिजिओथेरपिस्ट सांधा, स्नायू, तोल, चाल यांकडं बघतो. बाळूची टाच उचललेली राहत असेल तर त्याला फिजिओ हवाच. हाडं वाढतात त्या वेगानं आखडलेले स्नायू वाढत नाहीत, म्हणून उंची भराभर वाढण्याच्या वयात जास्तच हवा. ऑक्युपेशनल थेरपिस्ट बघतो की आहे त्या शरीरानं दिवसभराची कामं कशी निभतील. अंघोळ, संडास, कपडे, जेवण, दप्तर, खेळ. आठवड्यातून एक दिवस कुणी येऊन हातपाय ताणून देईल, पण तेवढ्यानं बटण लावता येत नाही. या मुलांवर झालेल्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा हेच दिसलंय की जे काम यायला हवं तेच काम, मुलानं स्वतः, रोज थोडं थोडं केल्यानं येतं. ताणून दुसरा देतो, करायचं मात्र बाळूला.

आता अक्षरांचं. शाळेत घातलं ते शिकायला, हे खरंच. पण तुमच्या घरात एक गोष्ट धरून चालले आहेत, की अक्षर म्हणजे शिक्षण आणि बाकीचं म्हणजे आज्जी करतेच ते. ज्या मराठी शाळेत दीर त्याला घालायला निघालेत तिथं दुपारी त्याला संडासला लागली तर कोण नेणार? खिचडी कोण भरवणार? चड्डीची नाडी कोण सोडणार? चौथी-पाचवीतली पोरं चांगली असतात, पण रोज नाडी सोडायला कुणी मित्र येत नाही. ज्याला ही कामं येत नाहीत त्याला शाळेत नाव मिळतं, बाकावर जागा मिळत नाही.

लिहिण्याचीही वाट तिथूनच जाते. खांदा आणि मनगट स्थिर नसलेला हात अक्षर काढत नाही, रेघोट्या ओढतो. बाळू लिहील तो बहुधा डाव्या हातानं. त्यात काही बिघडत नाही, उजव्यानं वही धरून ठेवली तरी पुष्कळ झालं. आणि हातानं भराभर लिहिणं जमलंच नाही तर पुढच्या परीक्षांना लेखनिक आणि जादा वेळ मिळतो, टॅबवर टंकूनही अभ्यास होतो. शर्ट घालायला मात्र लेखनिक मिळत नाही.

तरी मालकांची तक्रार मी इथं सोडून देणार नाही. एक तास थेरपी जास्त झाली असं मला वाटत नाही. उरलेले तास कुठं जातात, ते विचारायला हवं. प्रत्येक मुलासाठी विशेष शिक्षिकेनं केलेला वैयक्तिक आराखडा असतो, शाळेत त्याला 'आयईपी' म्हणतात. तो मागून घ्या. त्यात बाळूनं या वर्षात काय वाचायला, मोजायला, ओळखायला शिकायचं हे लिहिलेलं असलं पाहिजे. 'अक्षरओळख सुरू आहे' असं मोघम नको. 'स्वतःचं नाव ओळखतो, वीसपर्यंत वस्तू मोजतो, बसची पाटी वाचतो', असं हवं. थेरपीचा तास सोडून उरलेला दिवस मुलं हॉलमध्ये टीव्हीपुढं बसलेली असतील, तर तुमचं भांडण मातीशी नसून टीव्हीशी आहे.

सासूबाईंबद्दल तुम्ही लिहिताना फार संकोचलात. संकोचू नका, त्यांची चूक शोधायला मी बसलेली नाही. चार महिन्यांनी घरी आलेलं नातवंड, त्यात दुबळं, आणि त्याच्या ताटाभोवती भाताचा सडा. कुठल्या आज्जीला राहवेल? माझ्या मते इथं शाळेचीच बाजू कच्ची आहे. शाळेनं त्याला चमचा शिकवला. तुमच्या घरी चमच्यानं कोण जेवतं? शाळेत तो टेबल-खुर्चीवर बसतो, घरी पाटावर. शाळेत खोलगट स्टीलची थाळी, घरी पसरट ताट. बाळूनं शिकलेलं काम या घरात करायला जागाच नव्हती. अशा मुलांचं शिकणं जागेला चिकटलेलं असतं. एका खोलीत आलेलं दुसऱ्या खोलीत आपोआप येत नाही, ते तिथं पुन्हा थोडं शिकवावं लागतं. म्हणून 'विसरून आला' हा शाळेचा शेरा मला पटत नाही. घरी कसं चालू ठेवायचं हे सुट्टीआधी तुम्हाला कुणी दाखवलं होतं का? पत्रावरून तरी नाही. 'भरवू नका' एवढ्या फोनवर भागत नाही.

थेरपिस्टला सांगा, बाळूचं ध्येय चमचा नको, भाकरी ठेवा. भाकरी मोडण्यासारखं दोन हातांचं दुसरं काम शोधून सापडणार नाही. एकानं दाबून धरायची, दुसऱ्यानं तोडायची. बाळूला उजवी मूठ उघडत नसेल तर मनगटाच्या कडेनं भाकरी दाबता येते, तेवढ्यानंही डाव्या हाताला तुकडा काढता येतो. सुरुवातीला भाकरी ताजी, मऊ हवी. शिळी कडक भाकरी मोडणं मोठ्यांनाही जड जातं. पाटावर बसवताना पाठ भिंतीला टेकवा, नाहीतर तो उजवीकडं कलेल आणि डावा हात जेवायचा सोडून तोल सांभाळण्यात गुंतेल. पुढ्यात चौरंग ठेवला तर ताट छातीजवळ येतं आणि सांडायचं अंतर कमी होतं. ताटाखाली ओलं फडकं पसरा, ताट सरकत नाही. ताटाला उभा काठ असू द्या, म्हणजे भात काठाला टेकून हातात येतो. आमटी पातळ नको, भात जरा आसट ठेवा.

आणि सासूबाईंना या कामातून काढू नका. त्यांना काढलंत तर तुमचं घर आणि बाळूचं जेवण दोन्ही बिघडेल. त्यांना शेवटचे घास द्या. पहिले पाच-सहा घास बाळूचे, भूक कडकडून असते तेव्हाचे. तो दमला की पुढचे आज्जीचे. दर आठवड्याला बाळूचा एक घास वाढवायचा. बाळूनं स्वतःच्या हातानं खाल्लेलं बघायची त्यांना एकदा सवय झाली, की सांडलेला भात त्याच उचलून कोंबड्यांना टाकतील आणि चार बायकांना सांगत सुटतील.

कपड्यांचं एकच सूत्र सांगते, ते याच तक्रारीच्या सगळ्या घरांना लागू आहे. शर्ट घालताना कमी चालणारा हात आधी, काढताना तो शेवटी. उलटं केलं की बाही अडकते, मूल रडतं, आणि आईला वाटतं याला जमतच नाही. शिकवताना शेवटच्या पायरीपासून मागं यायचं. चड्डी गुडघ्यांपर्यंत तुम्ही चढवा, वर ओढणं त्याचं. ते जमलं की घोट्यापर्यंत तुम्ही, पुढचं त्याचं. पहिल्या दिवसापासून काम पुरं केल्याचा आनंद त्याला मिळतो. पहिली पायरी त्याची आणि मग वेळ नाही म्हणून उरलेलं आईनं उरकलं, असं झालं तर रोज अपुरंच राहतं. बस पकडायच्या गडबडीत हे करू नका, लग्नाला निघतानाही नको. सुट्टीतली निवांत सकाळ बरी. नाडीऐवजी इलॅस्टिक, छोट्या बटणांऐवजी मोठी बटणं किंवा चिकटपट्टी लावून घ्या. त्यात हार मानण्यासारखं काही नाही, शिंप्याचे थोडे पैसे जातात इतकंच.

संडासाचा प्रश्न पत्रात नाही, पण या वयात तो असतोच, लाजेनं लिहिला जात नाही. शाळेत कमोड असेल आणि घरी खाली बसायचं असेल तर बाळूला दोन्ही सरावाचं हवं. घरच्या संडासात तो बसतो त्याच्या डाव्या हाताला, धरता येईल अशा उंचीवर, भिंतीत लोखंडी दांडा बसवून घ्या. गवंड्याचं अर्ध्या दिवसाचं काम. कुठं बसवायचा हे थेरपिस्टला घरच्या संडासाचा फोटो पाठवून विचारा. स्वयंपाकघर, न्हाणीघर, उंबरा, अंगणातली पायरी यांचेही फोटो पाठवा. बाळू कुठल्या घरात राहतो हे न बघता त्याला काय शिकवायचं ते ठरवणं, म्हणजे माप न घेता कपडे बेतण्यासारखं आहे.

भाषेचीही एक अडचण तुम्ही ओझरती लिहिली आहे. थेरपिस्ट कानडी बोलतात, बाळू घरी मराठी ऐकतो, आणि सुट्टीत ताट पुढं केलं की 'साकु' म्हणतो तेव्हा आज्जीला कळत नाही त्याचं पोट भरलंय. सीमाभागात वाढलेल्या मुलांना दोन भाषा जड जात नाहीत, बाळूसारख्यांनाही सहसा नाही. फक्त रोजच्या कामांचे पंधरावीस शब्द दोन्हीकडं माहीत हवेत. शी, शू, पाणी, दुखतंय, बस, नको. हे मराठी शब्द शाळेला लिहून द्या आणि त्यांचे कानडी शब्द तुम्ही घ्या, देवनागरीत लिहून स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवा. जमलं तर कामांच्या पायऱ्यांची चित्रं किंवा फोटो दोन्ही ठिकाणी सारखेच लावा. चित्राला ना कानडी लागतं ना मराठी.

शाळेबद्दल चौकशी करायला घाबरू नका. ऑक्युपेशनल थेरपिस्टची बीओटी ही पदवी असते, विशेष शिक्षिकेची भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंदणी असते. विचारलं तर चांगली शाळा रागावत नाही. थेरपिस्ट आठवड्यातून ठरावीक दिवशीच येतो असंही पुष्कळ ठिकाणी असतं, बाकीचे दिवस मावशी किंवा शिक्षिका घेतात. त्यात वावगं काही नाही, पण मावशींना कुणी शिकवलंय आणि त्यांचं काम कोण तपासतं, हे कळलं पाहिजे.

याहून महत्त्वाचं ते रात्रीचं. अंघोळीला आणि संडासाला बाळूला हात कोण लावतं? रात्री किती मुलांमागं किती माणसं असतात? न कळवता भेटायला गेलं तर आत सोडतात का? या तीन प्रश्नांना सरळ उत्तर मिळालं नाही, तर थेरपी कितीही उत्तम असो, मुलाला घेऊन या. सुट्टीत घरी आल्यावर अंघोळीला नेताना तो अचानक घाबरत असेल, वजन उतरलं असेल, अंगावर वळ असतील, गादी ओली करणं नव्यानं सुरू झालं असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा आणि मग शाळेला जाब विचारा. तुमच्या पत्रात असं काही नाही. उलट, आपल्या हातानं जेवायचा हट्ट धरणारं मूल मला तरी धीट झालेलं वाटतं.

मग काढून आणायचं का? मला विचाराल तर या कारणासाठी, वर्षाच्या मध्यात, नाही. बाळूचा जूनपासून बसलेला दिनक्रम मोडायचा आणि गावच्या शाळेत काही तयारी नसताना त्याला बसवायचं, यात नुकसान त्याचंच. एप्रिलपर्यंत थांबा. पण एप्रिलनंतर काय, याचं उत्तर आत्ताच 'तिथंच' असं देऊ नका. निवासी शाळा काही जन्माची नव्हे. दोन-तीन वर्षांत आपली कामं आपण करायला शिकावीत आणि घरी यावं, एवढ्यासाठी ती असेल तर चांगली. मूल डोळ्याआड झालं म्हणजे प्रश्न सुटला अशी ती होत असेल, तर मात्र गल्लीतल्या बायकांच्या बोलण्यात थोडं तथ्य शिरतं. तुम्ही टाकून आला असता तर आज्जीनं किती घास भरवले, शाळेनं काय म्हटलं, दीर काय म्हणाले हे चार पानं भरून लिहिलं नसतं. टाकलेल्या पोराची आई बसचे वेळापत्रक पाठ करत नाही.

गावची मराठी शाळा हा पर्याय मला मनापासून आवडतो, फक्त तो तयारी करून यावा. घर जवळ, भाषा आपली, रात्री आईची कूस. कायदाही तुमच्या बाजूनं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 प्रमाणं 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. म्हणजे आज विशेष शाळा निवडली म्हणून उद्या गावची शाळा दार लावू शकत नाही. मार्चमध्ये मुख्याध्यापकांना भेटा, वर्ग तळमजल्यावर असेल का, संडासात दांडा बसेल का ते विचारा. खानापूरच्या बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसात, बीआरसीकडं (तालुक्याच्या साधन केंद्राकडं) अशा मुलांसाठी नेमलेले शिक्षक असतात. त्यांना बाळूची फाइल दाखवा. ग्रामपंचायतीत पुनर्वसन कार्यकर्ता असतो, लोक त्याला व्हीआरडब्ल्यू म्हणतात. कागदपत्रांसाठी आणि घरभेटींसाठी त्याला धरा, त्याचं कामच ते आहे. आणि बेळगावच्या एखाद्या रुग्णालयात महिन्यातून एकदा ऑक्युपेशनल थेरपिस्टला दाखवून घरचा सराव बदलून आणायचा. हे सगळं जुळलं तर पुढच्या जूनमध्ये बाळूला घरी आणणं शक्य आहे. नाही जुळलं तर आणखी एक वर्ष तिथं, आणि त्याबद्दल कुणाची माफी मागायची गरज नाही.

ज्यांच्या मुलांना ऑटिझम आहे अशा पालकांचीही पत्रं येतात, त्यांच्यासाठी दोन ओळी. झोपाळे, अंगावर ब्रश फिरवणं, जड जॅकेट असं काही शाळेत चालू असेल तर ते कशासाठी आणि दोन महिन्यांत घरी काय बदललेलं दिसेल, हे आधी विचारून ठेवा. झोप सुधारेल, केस कापू देईल, जेवणाच्या पंगतीत बसेल, असं काहीतरी डोळ्यांनी दिसणारं. दोन महिन्यांनी ते दिसलं नाही तर थेरपिस्टनं पद्धत बदलायला हवी, तुम्ही शाळा नव्हे.

कागदपत्रांत यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलं नसेल तर आधी ते काढा, पुढच्या सगळ्या सवलती त्यावर अडतात. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' आरोग्य विम्यात सेरेब्रल पाल्सीची मुलं बसतात, वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत, आणि त्यात थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत धरलेला आहे. मालकांना फी टोचते आहे, त्यांना हे आधी सांगा.

मालकांसाठी वेगळं काम आहे. पुढच्या भेटीला जाताना भट्टीवरची चाळलेली, भिजवलेली माती डबाभर घेऊन जा. शाळेत बहुधा बाजारातली रंगीत क्ले असते, ती मऊ आणि महाग. थेरपिस्टला विचारा, ही चालेल का. चालणारच. मग सुट्टीत रोज संध्याकाळी बाप-लेकानं अर्धा तास मातीला बसायचं. बेंदराला लागतात तसले बैल करा. अंगाचा गोळा बाळूनं दोन्ही हातांनी वळायचा, शिंगं बापानं काढायची, आणि पुढं पुढं शिंगंही बाळूनं. उजवा हात मांडीवर गेला की बापानं नुसतं 'हात कुठाय?' म्हणायचं, ओढून आणायचा नाही. 

मार्चअखेर, सुट्टी लागायच्या आठवडाभर आधी, थेरपिस्टकडून एक पान मागून घ्या. त्यावर सुट्टीतली तीनच कामं असावीत: भाकरी, चड्डी आणि माती. प्रत्येकात बाळूनं कुठपर्यंत करायचं आणि घरच्यांनी कुठून हात लावायचा, एवढंच. पान मराठीत हवं. त्यांना मराठी लिहिता येत नसेल तर त्यांनी सांगावं, तुम्ही तिथं बसून लिहून घ्यावं, आणि घरी आल्यावर पहिल्यांदा सासूबाईंना वाचून दाखवावं.